ओझर ते बंगळूर, दोन लेकरं घेऊन

निघायच्या आठ दिवस आधी बाबांनी हॉलमधल्या झोपाळ्याच्या कडीला श्रीखंडाचा रिकामा डबा टांगला. डब्याला आईच्या परकराच्या नाडीतलं इलॅस्टिक शिवलेलं, वर लांब दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक बाबांच्या हातात. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत माझी लेक ओवी. बाबा दोरी सोडायचे, डबा सटकन तिच्या नाकासमोर यायचा, आणि ती दोन्ही हातांनी तो धरून खाली ओढायची, तोंडावर लावायची, इलॅस्टिक डोक्यामागे टाकायची आणि मग आबा, म्हणजे माझे बाबा, म्हणतील तसे मोठे मोठे श्वास घ्यायची. पहिल्या दिवशी इलॅस्टिक कानात अडकलं म्हणून रडली. चौथ्या दिवशी बाबा आकडे मोजत होते आणि सहाव्या आकड्याला डबा तिच्या तोंडावर होता. "ओढायचा हं, नुसता धरायचा नाही, ओढल्याशिवाय आत हवा येत नाही," बाबा दर वेळी सांगत होते. विमानातल्या मास्कचं खरंच तसं असतं, ओढला की वरचा ऑक्सिजन सुरू होतो.

ओवी तीन वर्षं दोन महिन्यांची. मी स्वयंपाकघराच्या दारात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होते आणि हसत होते, व्हिडिओपण काढला, नवऱ्याला पाठवला. त्या खेळाचा अर्थ काय होता ते तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही.

तर झालं असं होतं की सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला नाशिकला आले, ऑगस्टमध्ये, पुढे उशीर झाला की विमानवाले डॉक्टरांचं पत्र मागतात आणि शेवटच्या महिन्यात तर नेतच नाहीत म्हणून जरा लवकरच. येताना आम्ही तिघं होतो, नवरा सोडायला आलेला. ऑक्टोबरात बाळ झालं. फेब्रुवारीत परत जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याला न्यायला यायचं होतं पण दोनदा सुट्टी मंजूर होऊन रद्द झाली, आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं नुकतीच झालेली, ती वॉकर घेऊन चालत होती त्यामुळे बाबांना तिला सोडून निघता येईना. मीच म्हटलं, मी जाते. पावणेदोन-दोन तासांचं तर विमान. एका कडेवर एक, एका हाताला एक.

बाबा चौतीस वर्षं मिगमध्ये होते. नाशिकबाहेरच्या लोकांना सांगावं लागतं की मिग म्हणजे ओझरचा एचएएलचा, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, लढाऊ विमानांचा कारखाना, १९६४ मध्ये मिग-२१ बनवायला उभा राहिला म्हणून आमच्याकडे त्याला अजूनही मिगच म्हणतात, मग पुढे तिथे मिग-२७ झालं, सुखोई झालं, नाव तेच राहिलं. "कुठं आहेत वडील?" "मिगला." संपला विषय. लहानपणी आमच्या डोक्यावरून विमान गेलं की आम्ही वर बघायचोही नाही, आवाजावरून घरातली मोठी माणसं सांगायची कुठलं आहे ते. सप्टेंबरात, २६ तारखेला, चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं ते बाबांनी टीव्हीवर पूर्ण पाहिलं, ओवी त्यांच्या मांडीवर, मी आठ महिन्यांचं पोट घेऊन शेजारी, कोणी एक शब्द बोललं नाही. नंतर ऑक्टोबरात १७ तारखेला ओझरला बनलेल्या तेजस मार्क-१ए नं पहिलं उड्डाण केलं तेव्हा मी दवाखान्यात होते, आणि बाबा बाळाला पहिल्यांदा हातात घेऊन त्यालाच ती बातमी सांगत होते.

असा माणूस घरात असल्यावर माझी तयारी कशी झाली असेल बघा. मला कानाबद्दल विचारायचं होतं, कारण सगळ्या मैत्रिणी एकच सांगत होत्या, बाळाचे कान दुखतात, टेकऑफला दूध पाज. बाबा म्हणाले, टेकऑफला नाही, उतरताना. कागद घेतला, कानाचं चित्र काढलं, पडदा, त्याच्या मागची हवेची खोली, आणि तिथून घशाकडे जाणारी बारीकशी नळी. विमान चढतं तसा आतल्या केबिनमधला दाब कमी होतो आणि कानातली जास्तीची हवा त्या नळीतून आपोआप बाहेर पडते, फार त्रास होत नाही. उतरताना उलटं, बाहेरचा दाब वाढतो आणि हवा आत जायला हवी, पण नळी तशी मिटलेली असते, गिळलं किंवा जांभई दिली तरच उघडते. बाळाची नळी अजून अरुंद आणि आडवी, आणि त्याला जांभई दे म्हणून सांगता येत नाही. म्हणून उतरताना त्यानं काहीतरी गिळत राहायला पाहिजे. झोपलं असेल तरी उठवायचं.

"आणि विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आपण तेवढ्यावर नसतो," ते म्हणाले, "आत दाब भरलेला असतो, सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा. म्हणजे कळसूबाईच्या थोडं वर." कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. मी कॉलेजात असताना चढले होते, बारीच्या बाजूनं, शिड्या चढून, चार तास लागले होते. आता चार महिन्यांच्या लेकराला त्याच्याही वर नेऊन अर्ध्या तासात खाली उतरवायचं होतं. हे ऐकल्यावर मला विमानाबद्दल भीती वाटायच्या ऐवजी एकदम बाळाच्या कानांबद्दल माया आली, एवढेसे कान.

"पण उतरायला लागलं हे मला कळणार कसं? ते सांगतात तेव्हा उशीर झालेला असतो."

"इंजिनाचा आवाज बारीक होईल. एकदम बारीक नाही, पण तुला कळेल. तू मिगमधल्या माणसाची मुलगी आहेस."

रात्री बाळाला पाजता पाजता मी मोबाईलवर वाचत बसायचे, जे वाचायला नको ते पण. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मांडीवर न्यायचं, त्याचं तिकीट काढावं लागतं पण सीट मिळत नाही, दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतःची सीट हे मला माहीत होतं. एका मोठ्या माणसाबरोबर मांडीवरचं मूल एकच, हेही. पण १९ जुलै १९८९ ची गोष्ट मला माहीत नव्हती. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सचं २३२ नंबरचं विमान सू सिटीला कोसळलं, २९६ माणसं होती, त्यातली १८४ वाचली. मांडीवरची बाळं चार होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे एअर होस्टेसनं आईवडलांना सांगितलं, बाळांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून बसा. चारातलं एक बाळ गेलं. त्या एअर होस्टेस, जॅन ब्राऊन, त्यांनी नंतर वर्षानुवर्षं हाच विषय लावून धरला, की बाळांना विमानात त्यांची स्वतःची, पट्टे असलेली खुर्ची पाहिजे, मांडी ही सुरक्षित जागा नाही. सरकारी बाजूचं म्हणणं असं की जास्तीची सीट सक्तीची केली तर खर्चामुळे लोक विमान सोडून गाडीनं जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं मरतील. दोन्ही बाजूंचं खरं आहे असं मला त्या रात्री वाटलं, आणि अजूनही वाटतं. गंगापूर रोडला संध्याकाळी उभं राहून बघा, ॲक्टिव्हावर पुढे उभं केलेलं पोर, मागे बाई, तिच्या मांडीवर दुसरं, हेल्मेट एकालाही नाही. विमानातली मांडी त्यापेक्षा कितीतरी बरी. पण रात्री तीन वाजता, तेच बाळ अंगाला चिकटून दूध पीत असताना, आपली मांडी पुरेशी नाही हे वाचणं फार कठीण जातं. मी एवढंच केलं की खिडकीजवळच्या सीटचं बुकिंग ओवीच्या नावानं पक्कं केलं आणि मधली माझी. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, सगळ्या विमान कंपन्यांना सांगितलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाच्या शेजारीच बसवायचं. तरी मी दोनदा तपासलं.

सामानाचं सांगत बसत नाही, ज्याला मुलं आहेत त्याला माहीत आहे. फक्त दोन गोष्टी. आईनं माझी ओटी भरली आणि नारळ बॅगेत ठेवला, तो बाबांनी काढला, कारण सुकं खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही आणि अख्खा नारळही हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, २०२४ मध्ये शबरीमलाच्या भाविकांसाठी तेवढी काही आठवडे सूट दिली होती. आई म्हणाली ओटीचा नारळ मागे ठेवून लेक जाते का कुठं. शेवटी नारळ देवापुढे ठेवला आणि मी त्याला हात लावून निघाले. दुसरी गोष्ट द्राक्षं. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे द्राक्षं, दिंडोरीहून पेटी आलेली. बाबांनी सकाळी बसून ओवीच्या डब्यासाठी एकेक मणी उभा चार फोडी करून कापला. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बरोबर बुचासारखं बसतं म्हणून. शंभरेक मणी असतील. चष्मा लावून, फळं कापायच्या छोट्या सुरीनं. मी म्हटलं बाबा एवढी नाही खाणार ती. ते म्हणाले, असू दे.

द्वारकेवरून वर पुलावर चढलो, अमृतधामला खाली, आडगाव, दहाव्या मैलाला डावीकडे. हाच रस्ता बाबांनी चौतीस वर्षं कंपनीच्या बसमधून पाहिला. आता त्याच धावपट्टीवरून आपण तिकीट काढून जातो. विमानतळाच्या दारात तिकीट आणि ओळखपत्र असलेल्यालाच आत सोडतात, त्यामुळे निरोप बाहेर उन्हातच. ओवीचं आणि बाळाचं निळं आधार, महापालिकेचा जन्मदाखला, सगळं गळ्यातल्या पाकिटात. बाळ पुढे कॅरियरमध्ये बांधलेलं, पाठीवर सॅक, मोठी बॅग ट्रॉलीवर. एक हात ट्रॉलीला गेला की राहिला एक.

बाबा ओवीसमोर खाली बसले. तिला वाटत होतं आबापण येणार. डबा घेऊन येणार. त्यांनी तिला समजावलं, मग मी तिथे ते वाक्य बोलले, जे नंतर दिवसभर माझ्यामागे लागलं. म्हटलं, "ओवी, आज मोठ्या मुलीसारखं वागायचं. बाळ छोटं आहे ना? आईला मदत करायची." ती रडणार होती, ओठ खाली आलेला, तो तिनं परत वर नेला. मी बघितलं ते. तीन वर्षांच्या मुलीनं रडू गिळलं आणि ट्रॉलीच्या दांडीला धरून चालायला लागली.

सिक्युरिटीला कॅरियर काढायला लावतात, ते मशीनमधून जातं, बाळ हातात घ्यायचं. मग बाळ हातात, सॅक पट्ट्यावर, आणि ओवीचा हात धरायला हातच नाही. त्या चौकटीतून एका वेळी एकच माणूस जातो. मी पलीकडे गेले आणि ती अलीकडे उभी राहिली, मागे लाईन. "ये," म्हटलं. ती चालत आली आणि पलीकडच्या पोलीस बाईंसमोर उभी राहून तिनं दोन्ही हात आडवे केले, माझं बघून. त्या बाईंनी यंत्र तिच्या अंगावरून फिरवलं आणि तिच्या गालाला हात लावला. सॅक मात्र उघडली. आत बाळगुटीची सहाण निघाली, फडक्यात गुंडाळलेली, वेखंड, जायफळ, हळकुंडाचा तुकडा. तरुण मुलगा होता, त्यानं सहाण हातात घेऊन उलटी केली, मला वाटलं आता दगड चालणार नाही म्हणतो. त्यानं विचारलं, "घुटी?" मी मान हलवली. "माझ्या पोरीची पण आहे," म्हणाला आणि परत नीट फडक्यात गुंडाळून ठेवली. बाळाच्या दुधाला आणि पाण्याला कोणी अडवलं नाही, लेकरापुरतं नेऊ देतात.

बसायच्या आधी दोघांना घेऊन टॉयलेटला गेले. ओवीला डायपर घालू का विचारलं, तीन महिनेच झाले होते सुटून. "मी बाळ नाहीये," ती म्हणाली. बरोबरच होतं. मीच तर सांगितलं होतं सकाळी.

तीन-तीनच्या रांगा. खिडकीत ओवी, मधे मी आणि बाळ, कडेला एक काका आले, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात मोठी पिशवी. बसल्या बसल्या म्हणाले, "पोरी, दोन्ही तुझेच का? बाप कुठंय?" "बंगळूरला." "मंग बरोबर." निफाड तालुक्यातले बागायतदार, लेकाकडे निघाले होते, पहिल्यांदाच एकटे. म्हणजे त्या रांगेत आम्ही चौघंही नवखेच.

एअर होस्टेसनं बाळासाठी छोटा पट्टा आणून दिला, तो माझ्या पट्ट्यात ओवायचा आणि बाळाच्या पोटाभोवती लावायचा. ओवी बघत होती. "मला पण छोटा पट्टा. मला पण तुझ्यावर." मी म्हटलं तुला स्वतःची सीट आहे, किती मोठी, खिडकी आहे. ती गप्प बसली. तिला खिडकी नको होती हे मला कळत होतं, पण बाळ चुळबुळायला लागलेलं, मी त्याच्याकडे वळले.

मग मास्कचं सांगतात ते सुरू झालं. आधी स्वतःला लावा, मग मुलाला. कार्डावरच्या चित्रात बाई एक आणि मूल एक. मला पहिल्यांदाच लख्ख जाणवलं की माझी दोन आहेत. मी त्या मुलीला विचारलं, दोघांतलं आधी कोणाला? तिनं विचार केला, वर दाखवलं, तीन सीटना चार मास्क असतात, म्हणून तर एका रांगेत मांडीवरचं बाळ एकच चालतं, आणि मग काकांना म्हणाली, सर, गरज पडली तर तुम्ही या लहान मुलीला मदत कराल ना? काकांनी एवढ्या गंभीरपणे मान हलवली, जणू कोर्टात शपथ घेतायत. आणि ओवी म्हणाली, "मला येतं. मी ओढते. आबांनी शिकवलंय."

तेव्हा कळलं मला बाबांनी काय केलं होतं. एवढ्या उंचीवर दाब गेला तर माणूस शुद्धीवर राहून काही करू शकतो तो वेळ अर्ध्या मिनिटापासून एक मिनिटापर्यंत, हे त्यांना माहीत होतं. तेवढ्यात मी माझा लावणार, मग मांडीवरच्याचा. तिसऱ्याला हात उरणार नाहीत हे त्यांनी मोजलं होतं. म्हणून त्यांनी तिसरीला स्वतःचं स्वतः वाचायला शिकवलं, झोपाळ्याखाली, खेळ म्हणून. त्यांनी बरोबरच केलं. पण मला खिडकीबाहेर बघावंसं वाटेना.

उड्डाण झालं, बाळ झोपलं, ओवीनं चौकोनी झालेली शेतं बघितली आणि आबांचं घर कुठलं विचारलं. मी कुठलंही एक दाखवलं. मधला पाऊण तास सुखाचा गेला. काकांनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला, मला दिला, मी एका हातानं खाल्ला, चार महिन्यांत एवढी चव कशाची लागली नव्हती. ओवीनं सगळी द्राक्षं संपवली. सगळी. पाणीही प्यायली. मधेच बाळ उठून जोरात रडलं तेव्हा पुढच्या सीटवरच्या बाई मागे वळून म्हणाल्या, "झेपत नाही तर एकटीनं निघायचं कशाला," आणि मला उत्तर सुचायच्या आत काकांनी बाळ माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "माहेरहून सासरी चाललीय लेक, निघायचं नाही तर काय करायचं." त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता त्याच्यावर बाळानं गाल टेकला आणि गप्प झालं. घामाचा, मातीचा वास असेल बाबांसारखा, कोण जाणे.

मी चार महिने कोणाच्या हातात बाळ द्यायच्या आधी हात धुतले का विचारत होते. त्या दिवशी नाही विचारलं.

आवाज बारीक झाला. अगदी बाबा म्हणाले तसा, आणि मला तो कळला, घोषणा व्हायच्या आधी. पोटात काहीतरी हललं, भीतीनं नाही, आपल्याला हे ऐकू येतं याच्या आनंदानं. बाळ काकांकडे झोपलेलं, त्याला उठवून घेतलं, दुपट्याखाली पाजायला लागले, घाई करू दिली नाही, मधे मधे सोडवून परत लावत होते म्हणजे शेवटपर्यंत गिळत राहील. ओवीच्या हातात पाण्याचा सिपर दिला. "एकेक घोट पी, कान दुखणार नाहीत." तिनं घेतला आणि खाली ठेवला. "पी ना ओवी." नको म्हणून मान हलवली. बाळ मधेच सुटून रडायला लागलं, एका हातानं त्याचं डोकं, दुसऱ्यानं दुपटं, आणि मी तिच्यावर ओरडले, "पी म्हटलं ना! ऐकत का नाहीस?" ती प्यायली. सगळा सिपर, थांबून थांबून, माझ्याकडे बघत.

बाळाला काही झालं नाही. चाकं टेकली तेव्हा ते दूध पिता पिता परत झोपलेलं. एवढ्या तयारीचं चीज झालं म्हणून मी डोळे मिटून बाबांचे आभार मानत होते तेवढ्यात शेजारून बारीक आवाज आला.

"आई, मला शू आली होती."

आली होती. येतेय नाही.

तिची फ्रॉक, लेगिंग, सीट, सगळं ओलं. दोन्ही पाय जवळ घेऊन बसलेली. मी म्हटलं, "अगं मग सांगायचं ना राजा." ती म्हणाली, "बाळ दूध पीत होतं ना."

द्राक्षं खाल्ल्यापासून धरून बसली असणार. पाणी नको म्हणत होती ते म्हणूनच. आणि ते मी तिला ओरडून प्यायला लावलं. मी बाळाच्या कानातल्या नळीचा आठ दिवस विचार केला होता, आवाज ओळखायला शिकले होते, आणि दीड वितीवर बसलेल्या मुलीचा चेहरा मला वाचता आला नाही. तिनं तो मोठ्या मुलीसारखा ठेवला होता, मी सांगितलं होतं तसा.

काकांनी काही न बोलता खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. मी तो तिच्या कमरेला गुंडाळला. लोक उठून वरच्या सामानाशी धडपडत होते, काका मधल्या वाटेत उभे राहिले आणि मागच्यांना हातानं थांबवलं, "लेकरं उतरू द्या आधी." पुढच्या सीटवरच्या त्या बाईंनी मागे बघितलं आणि स्वतःच्या पर्समधून ओल्या टिश्यूचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. त्यांनापण असेल कोणी मोठी. टॉवेल परत देऊ लागले तर काका म्हणाले राहू दे, पोरीची लुंगी झाली आता. ओवी तेव्हा दिवसात पहिल्यांदा हसली. तो टॉवेल आमच्याकडे आहे, धुतलेला. मी त्यांचा नंबरसुद्धा घेतला नाही याची चुटपुट लागून राहिलीय.

मला या प्रवासाबद्दल लोक विचारतात तेव्हा बाळाबद्दल विचारतात. रडलं का, कान दुखले का, झोपलं का. मीपण तेच सांगते, गळ्याखाली दुपटं बांधा, उतरताना पाजा, सहाण बॅगेत वर ठेवा. मोठीचं कोणी विचारत नाही, आणि तिच्यासाठी द्यायला माझ्याकडे अशी युक्तीही नाही, फक्त एवढं सांगते की दर अर्ध्या तासानं तिला विचारा, बाळ काहीही करत असलं तरी, आणि "मोठी" हा शब्द त्या दिवशी वापरू नका. आईला मी हे फोनवर सांगितलं तर ती बराच वेळ गप्प राहिली. मी तिची मोठी. माझ्यानंतर दीड वर्षानं भाऊ. म्हणाली, "तू पण कधी काही मागितलं नाहीस गं." एवढंच म्हणाली, मग आजीच्या हातच्या कसल्यातरी लोणच्यावर गेली.

त्या रात्री बंगळूरच्या घरी बाळ बापाच्या छातीवर झोपलं होतं, बॅगा तशाच दारात. ओवी बेडवर आली, तिच्या हातात माझी ओढणी. ती माझ्या मांडीवर बसली, पाठ माझ्या पोटाला टेकवून, ओढणी स्वतःच्या पोटावरून घेतली आणि दोन्ही टोकं माझ्या हातात दिली.

"छोटा पट्टा," म्हणाली. "लाव."

मी मागे गाठ मारली. तिनं ती ओढून बघितली, घट्ट आहे का. मग हात माझ्या गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या बंद कपाटाकडे बघत म्हणाली, आता विमान उतरायचं नाही.